कॅथलॅबची जागा

१ सप्टेंबर, मंगळवार

ही डायरी नवऱ्याने वाढदिवसाला दिली होती. आजवर तिच्यात फक्त दोन वाणसामानाच्या याद्या आणि एका पेनाची चाचणी होती. आज मुद्दाम उघडली, कारण एक लढत सुरू झाली आहे. ती मी जिंकणार आहे आणि कशी जिंकले ते लिहून ठेवायला हवं.

सकाळच्या राउंडनंतर मोठ्या सरांनी आम्हा दोघांना थांबवलं. पुढच्या वर्षी कॅथलॅबमध्ये शिकायला एकच जागा आहे. उमेदवार दोन, मी आणि जिराफ. जिराफ म्हणजे माझ्या बरोबरीचा डॉक्टर. उंची दारात वाकावं लागेल इतकी, बोलणं मात्र इतकं कमी की पेशंटला वाटतं घसा बसलाय. हात चांगले आहेत त्याचे. मी नाही म्हणत नाही. माझे जास्त चांगले आहेत.

कॅथलॅब म्हणजे काय ते सासूबाईंना मी चारदा समजावलंय, इथे पाचव्यांदा. मांडीच्या शिरेतून बारीक तार घालून थेट मुलाच्या हृदयापर्यंत जायचं. पडद्याला छेद असेल तिथे छत्री उघडायची, नळी उघडी राहिली असेल तिथे बूच बसवायचं आणि आल्या वाटेने बाहेर यायचं. छाती उघडायची नाही, टाका घालायचा नाही. मूल दुसऱ्या दिवशी घरी, आणि पुन्हा आमचं तोंड बघायला नको. मला हेच हवंय. आजार निपटला, फाइल बंद, पुढचा कोण? धाकटा भाऊ याला प्लंबिंग म्हणतो. म्हणू दे. तो स्वतः नळ विकतो.

सरांची पद्धत ठरलेली आहे. दोघांना एकेक केस. "निवडायची तुम्ही, तपासायची तुम्ही, आईबापांशी बोलायचं तुम्ही, टेबलावर हात तुमचे. मी काचेमागे उभा राहीन. मी बोललो तर केस संपली असं समजा." एवढं सांगून ते चहाला गेले. जाताना जिराफच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "काय रे, जमेल ना?" मला म्हणाले, "तुम्हीही तयारीला लागा." त्याला अरे-तुरे, मला अहो-जाहो. यातच सगळं आलं. सरांच्या मनात कोण आहे हे कळायला इको करावा लागत नाही.

घरी बातमी सांगितली. नवरा म्हणाला, "आणखी दोन वर्षं शिक्षण?" मी म्हटलं, "शिक्षण नाही, प्रशिक्षण." आधी डॉक्टर झाले, मग मुलांची डॉक्टर, आता मुलांच्या हृदयाची होतेय, आणि यापुढे त्या हृदयात शिरणारी. वय तेहतीस. माझ्या वर्गातल्या मुली आता आपापल्या दवाखान्याचे पडदे बदलतायत. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "या सगळ्यात गुडघ्याचं काही शिकवतात का गं?" नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला.

३ सप्टेंबर, गुरुवार

गुरुवार म्हणजे माझी शिक्षा. कॉरिडॉरच्या टोकाला, मोडक्या व्हीलचेअर ठेवतात त्या खोलीशेजारी एक लहानशी खोली आहे. ज्या मुलांचे छेद वेळेत बंद झाले नाहीत आणि आता करता येत नाहीत, ती मुलं दर तीन महिन्यांनी तिथे येतात. ओठ निळसर, नखं फुगलेली. वजन करायचं, कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं चालवायचं, गोळ्या कमीजास्त करायच्या. इथे कुणी बरं होत नाही. फार तर जे होणार ते लांबतं.

सर इथे दर गुरुवारी मलाच का बसवतात? जिराफ तिकडे लॅबमध्ये तारा घालतोय आणि मी इकडे, "झोप लागते का, शाळेत जिना किती आहे," असल्या चौकशा करतेय. आज एका कॉलेजच्या मुलीने हळूच सांगितलं की गोळीने तोंड लालबुंद होतं म्हणून तिने ती महिनाभर घेतलीच नाही. सरांना तिने चक्क "घेते" म्हणून सांगितलं होतं. आम्ही दोघींनी मिळून गोळीची वेळ बदलली, म्हणजे कॉलेजात लाली यायला नको. ती खूश. सरांना सांगितलं तर ते नुसते "हं" म्हणाले आणि पुढच्या गुरुवारच्या यादीत आणखी तीन नावं माझ्या खात्यात टाकली. गप्पा मारण्याला यांच्याकडे हीच किंमत.

८ सप्टेंबर, मंगळवार

मिळाली! माझी केस मिळाली आणि काय सुरेख मिळाली.

नऊ वर्षांची मुलगी, बारीक चणीची, डोळे मोठे, तोंडाचा पट्टा अखंड चालू. आई शाळांचे गणवेश शिवते. तिच्या ब्लाउजला टाचलेल्या दोन सुया तशाच होत्या, काढायचं राहून गेलं असावं. तक्रार अशी की मुलगी पळताना मध्येच खाली बसते. पीटीच्या बाईंनी चिठ्ठी देऊन पाठवलं. बाळ असताना एका डॉक्टरांनी छातीत आवाज ऐकला होता. चौथ्या वर्षी दुसऱ्यांनी तपासून सांगितलं, आवाज गेला, मुलगी बरी झाली. "त्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं होतं," आई म्हणाली. "इतका आनंद झाला होता."

मी स्टेथोस्कोप लावला. आवाज खरंच जवळजवळ नाही. इको केला. जन्माआधी प्रत्येक बाळात एक नळी उघडी असते, जन्मानंतर ती आपोआप मिटते. हिची मिटलीच नाही. पण मशीनच्या पडद्यावर त्या जागी वाहत्या रक्ताच्या रंगाचा एक इवलासा ठिपका, बस. आवाज नाही, रंग कमी, म्हणजे नळी बारीक. बोटाला ऑक्सिजन मोजायची चिमटी लावली, सत्त्याण्णव. पहिल्या केससाठी याहून सोपं काय मिळणार? मला तर सरांच्या काचेमागचा चेहराच दिसायला लागला.

पोरीची एक गंमत. पांढरे कॅनव्हासचे बूट, नाडीला दोन-दोन गाठी. तपासताना मी बूट काढायला सांगितले तर पाय खुर्चीखाली ओढून घेतले. आई म्हणाली, "दाखव गं डॉक्टरांना. घरीसुद्धा मोजे काढत नाही हल्ली. नखं चांगली नाहीत म्हणून पोरी चिडवतात तिला." मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलांशी वागायची हातोटी असावी लागते. ती जिराफकडे नाही. मी म्हटलं, "राहू दे गं बूट. हृदय काही पायात नसतं." ती खुदकन हसली आणि पुढचं सगळं निमूट करू दिलं. हीच ती कला, जी पुस्तकात मिळत नाही.

आईला सांगून टाकलं, "एका दिवसाचं काम आहे. दुसऱ्या दिवशी घरी. पुढच्या सत्रात शर्यतीत उतरवा हिला." आईने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. तारीख ठरली, सतरा.

११ सप्टेंबर, शुक्रवार

सरांनी कॉरिडॉरमध्ये गाठलं. हातात माझ्या मुलीची फाइल. "सगळं तपासलंत?" मी म्हटलं, हो सर. "सगळं?" हो सर. मग म्हणाले, "आवाज गेला कधी म्हणालात?" चौथ्या वर्षी. त्यांनी फाइल मिटली, परत उघडली. "अजून वेळ आहे. वाटलं तर पुन्हा एकदा बोलावून बघा." मी म्हटलं, "गरज नाही सर, केस अगदी स्वच्छ आहे."

"बरं," असं म्हणून गेले. मला चळवायचा प्रयत्न, दुसरं काय. असल्या डावपेचांना मी भीक घालत नाही. नवरा म्हणतो, "त्यांनी विचारलंय तर बघ ना एकदा." नवरा शाळेत शिकवतो, त्याला भूगोल येतो.

१४ सप्टेंबर, सोमवार

जिराफची केस झाली. चार वर्षांचा मुलगा, पडद्याला छेद. पठ्ठ्याने छत्री अशी बसवली की काचेमागे सिस्टर टाळ्या वाजवायच्या बाकी होत्या. सर एक शब्द बोलले नाहीत, म्हणजे उत्तम. मी जाऊन अभिनंदन केलं. तो म्हणाला, "थँक्स. तुझी गुरुवारी ना? काही लागलं तर सांग." एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

रात्री जेवण गेलं नाही. भीती नाही, नुसती घाई झालीये.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

काल लिहिता आलं नाही. आज सगळं सरळ लिहून टाकते.

सकाळी लॅबमध्ये मी सगळ्यांच्या आधी हजर. ट्रे लागला होता, बूच कुठल्या मापाचं ते मी आदल्या दिवशीच काढून ठेवलं होतं. भूल देणाऱ्या मॅडम मात्र हातावर हात ठेवून बसल्या होत्या. औषधं भरलेली नाहीत, काही नाही. विचारलं तर म्हणाल्या, "सरांचा निरोप आहे, ते सांगतील तेव्हाच सुरू करायचं." सरांचं आपलं काहीतरी. सर काचेमागे उभे होते, हातात चहाचा कप.

मुलगी वॉर्डातून चालत येत होती. ट्रॉलीवर बसणार नाही म्हणाली म्हणे. अंगात हॉस्पिटलचा ढगळ झगा, एका हाताने आईचं बोट धरलेलं. बूट-मोजे वॉर्डातल्या सिस्टरनी काढून ठेवले होते, म्हणून ती लाजून एका पायावर दुसरा पाय ठेवत, तशी वेडीवाकडी चालत होती. मला हसू आलं. तिला जरा हसवावं म्हणून मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि खाली बघितलं.

अंगठे निळे. नखं फुगलेली, पुढे गोल झालेली. गुरुवारच्या खोलीत मी ही नखं दर आठवड्याला बघते.

मी तिच्या हाताची बोटं पाहिली. गुलाबी, नीटस. पुन्हा पाय. फरशी गार आहे, म्हणून असेल. हे मी स्वतःला सांगितलं, अगदी मनापासून सांगितलं. सिस्टरकडून चिमटी मागून घेतली आणि तिच्या पायाच्या अंगठ्याला लावली. तिला गुदगुल्या झाल्या. आकडा स्थिरावला, त्र्याऐंशी. हाताला लावली, सत्त्याण्णव. पुन्हा पायाला लावली.

नळी बारीक नव्हतीच. चांगली मोठी होती. फुप्फुसांतला दाब वर्षानुवर्षं चढत चढत बाकी शरीराच्या बरोबरीला आला होता. दोन्हीकडे दाब सारखा, म्हणून रक्त जोराने वाहत नव्हतं, म्हणून आवाज नव्हता आणि रंगही नव्हता. आता तर उलट फुप्फुसांकडचं निळं रक्त त्या नळीतून, हातांना वगळून, पायांकडे जात होतं. चौथ्या वर्षी आवाज गेला तो बरी झाली म्हणून नाही, बिघडली म्हणून. त्या डॉक्टरांनी शांततेला चांगली बातमी समजलं आणि मी रंगाच्या ठिपक्याला. आज ती नळी हाच तिच्या हृदयाला सुटकेचा रस्ता आहे. मी तिथे बूच बसवायला निघाले होते. त्याच्याही आधी, या अवस्थेत नुसती भूलसुद्धा तिच्या जिवावर बेतू शकली असती.

हे सगळं मला पुस्तकात पाठ आहे. परीक्षेत या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी गुण होते.

खरं लिहायचं तर तेव्हा डोक्यात आधी मुलगी आली नाही. आधी जागा आली. आता आत जाऊन तोंड उघडलं की ती गेली. बूच बसवण्याआधी दाब मोजतातच, तेव्हा आपोआप कळेल, मग मी काहीतरी बोलेन, असंही मनात येऊन गेलं. एवढ्यात मुलगी म्हणाली, "डॉक्टर, माझी नखं घाण नाहीयेत. धुतली तरी अशीच राहतात." मी म्हटलं, "घाण नाहीच्चेत बाळा. मीच बघायला उशीर केला."

आत गेले. काचेमागे जाऊन सरांना म्हटलं, "सर, मी केस थांबवतेय." त्यांनी कप खाली ठेवला. "का?"

"पाय बघितले नव्हते."

"आणि?"

"पायाला त्र्याऐंशी आहे. नळी उलटी वाहतेय. बंद करता येणार नाही. भूलही नको."

"बरं," सर म्हणाले आणि मॅडमना हात हलवून सांगितलं, नाही. ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आईला मीच सांगितलं. जिराफ म्हणाला, मी येऊ का? नको म्हटलं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून, जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. दाब मोजावा लागेल, तो सर मोजतील, फार सांभाळून. औषधाने दाब उतरला तर आशा आहे, नाही उतरला तर ही नळी कधीच बंद करता येणार नाही.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "तुम्ही म्हणालात एका दिवसाचं काम."

"हो. मी चुकले. मी तिला नीट तपासलं नव्हतं."

"शर्यतीत उतरवा म्हणालात. मी शाळेत सांगून आले. तिने सगळ्या वर्गाला सांगितलं." तिचा आवाज चढला, बाकावरची माणसं वळून बघायला लागली. "तुम्हा लोकांचं बरं असतं हो. एक म्हणतो आवाज आहे, एक म्हणतो गेला, एक म्हणतो बंद करू, एक म्हणतो नको. आम्ही कुणाचं खरं मानायचं?"

तिने मुलीचे बूट पिशवीतून काढले आणि खाली बसून तिच्या पायांत घालायला लागली. नाडीला दोन-दोन गाठी मारल्या. मी तिथून निघून आले आणि स्टोअररूममध्ये जाऊन रडले. चांगलं दणकून रडले.

२५ सप्टेंबर, शुक्रवार

सरांनी दाब मोजला. मुलीला पूर्ण भूल न देता, गोष्टी सांगत सांगत. गोष्टी सांगायचं काम माझं. ऑक्सिजन देऊन पाहिला, औषध देऊन पाहिलं. दाब तसूभरही उतरला नाही. नळी बंद होणार नाही. आईला सरांनी सांगितलं. ती सरांशीच बोलली, माझ्याकडे तिने बघितलंही नाही.

दुपारी जागेचा निकाल. जिराफ. अपेक्षित होतं, तरी कानशिलं तापली. मी त्याला पेढे दे म्हणून चिडवलं, तर तो अपराध्यासारखा उभा. म्हणाला, "तू जे केलंस ते मला जमलं असतं का, माहीत नाही." सांत्वन करायचं तर जरा बरं तरी करावं. मी केलं काय? आठ तारखेला करायचं ते सतरा तारखेला केलं.

पण एक सांगते. मी हार मानणाऱ्यांतली नाही. कॅथलॅब काही जगात एकच नाही. आज बसून तीन हॉस्पिटलांना अर्ज पाठवले. अर्जात स्वतःबद्दल लिहिताना हात अजिबात आखडला नाही. माझे हात चांगले आहेत. त्या दिवशी चुकले ते हात नव्हते.

१ ऑक्टोबर, गुरुवार

सरांनी गुरुवारच्या खोलीत गाठलं. शेवटचा पेशंट गेल्यावर त्याच खुर्चीत बसले, लहान मुलांची खुर्ची, गुडघे पोटाशी. म्हणाले, "ही खोली पुढच्या वर्षी तुम्ही घ्या."

मला आधी कळेचना. म्हणाले, फुप्फुसातल्या दाबाचं वेगळं प्रशिक्षण असतं, अजून फार कुणी करत नाही. त्यांचे एक मित्र ते शिकवतात. आठवड्यातून दोन दिवस त्यांच्याकडे, बाकी दिवस इथे. दोन वर्षांनी हा विभाग माझा. "माझं वय झालं. ही मुलं कुणाकडे सोपवायची हा प्रश्न होता."

उत्तेजनार्थ बक्षीस! जिराफला लॅब आणि मला मोडक्या व्हीलचेअरचा शेजार. मी म्हटलं, "सर, स्पष्ट बोलू? इथे कुणी बरं होत नाही."

"नाही होत," सर म्हणाले.

"मग मी इथे करायचं काय?"

"तीन वर्षं जे करताय ते." आणि उठता उठता म्हणाले, "ती कॉलेजची मुलगी गोळ्या घ्यायला लागली. परवा बोलावून बघितलं, दाब उतरलाय तिचा. मला मात्र थापा मारत होती." एवढं बोलून गेले. विचार करून सांगा म्हणाले. माणूस काय म्हणतो ते मला कधीच धड कळत नाही. गोळीची वेळ बदलणं म्हणजे काय विभाग चालवणं?

५ ऑक्टोबर, सोमवार

आली! मोठ्या खाजगी हॉस्पिटलातून होकाराची मेल आली. कॅथलॅब, दोन वर्षं, नव्या वर्षाच्या एक तारखेपासून. गाव दुसरं. पुढच्या सोमवारपर्यंत उत्तर कळवायचं. मी स्वयंपाकघरात उडीच मारली.

नवरा म्हणाला, "भूगोल सगळीकडे सारखाच असतो, मला कुठलीही शाळा चालेल." सासूबाई म्हणाल्या, "तिथे गुडघ्याचा डॉक्टर चांगला आहे म्हणे." एकमत इतक्या सहज आमच्या घरात कधी झालं नव्हतं. मी उत्तर लिहून फोनमध्ये ठेवलं. नुसतं पाठवायचं बाकी आहे. घाई नको, गुरुवारचा दवाखाना संपवून शांतपणे पाठवू.

८ ऑक्टोबर, गुरुवार

सर सकाळी कुठल्याशा सभेला गेले होते, म्हणून खोलीत मी एकटी. चौथं नाव पुकारलं आणि दारात ती आई. मागे मुलगी, बडबड चालूच.

मी उठून उभी राहिले. म्हटलं, "सर साडेअकराला येतील. त्यांची वाट बघायची असेल तर बाहेर पंखा आहे."

"नको," म्हणाली आणि बसली.

मी मुलीला तपासलं. डोक्यापासून नखांपर्यंत, हो, अगदी सगळं. तिने आपणहून विचारलं, "आज पायाचा आकडा किती?" सांगितला. नव्या गोळ्यांनी डोकं दुखतं का विचारलं. पहिले चार दिवस दुखलं, मग थांबलं. मग कॉरिडॉरमध्ये चालवलं. मी बरोबर चालले. अर्ध्यात तिने भिंतीला हात टेकला, दम खाल्ला, आणि म्हणाली, "हे धरायचं नाही हं, मी नुसती भिंत बघत होते." मी म्हटलं, "कसली भिंत आहे?" म्हणाली, "रंग गेलेली." पुन्हा चालायला लागली.

मुलगी पाणी प्यायला बाहेर गेली तशी आईने खुर्ची पुढे ओढली. "एक विचारू? खरं सांगाल?"

"विचारा."

"हिचं आयुष्य किती?"

माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं, घरात यावरून मला बोलणी बसतात. या वेळी म्हटलं, "मला माहीत नाही. काही मुलं या गोळ्यांवर मोठी होतात, शिकतात, नोकरी करतात. काहींचं तसं होत नाही. हिचं कसं होईल ते आज कुणालाही सांगता येणार नाही. दर खेपेला बघायचं, आणि जे दिसेल ते मी तुम्हाला सांगेन. चांगलं असो, वाईट असो."

ती म्हणाली, "मागच्या वेळी तुम्हाला सगळं माहीत होतं."

"हो," मी म्हटलं.

बाहेर मुलीचा आवाज येत होता, सिस्टरला काहीतरी पटवून देत होती. आईने पदर सारखा केला.

"मग पुढची तारीख द्या."

मी कॅलेंडर ओढलं. तीन महिने. पानं उलटली, वर्ष उलटलं. "सात जानेवारी, गुरुवार. सकाळी दहा."

"तुम्हीच असाल ना? मी दर वेळी नव्या माणसाला बाळपणापासून सांगत बसणार नाही. आणि ती दुसऱ्या कुणासमोर मोजे काढायची नाही."

"मीच असेन," मी म्हटलं.

कार्डावर तारीख लिहिली, खाली सही केली. त्या मुलीनंतर आणखी सहा पेशंट होते, ते केले. सगळ्यांना जानेवारीच्या तारखा दिल्या. शेवटचा गेल्यावर फोन काढला, लिहून ठेवलेलं उत्तर पाठवायला. वाचलं. छान लिहिलं होतं. एक जानेवारीपासून रुजू होण्यास मला अतिशय आनंद होत आहे.

नवऱ्याला फोन केला. म्हटलं, "आपण कुठे जात नाहीयोत." तो म्हणाला, "आईला तू सांग, तो गुडघ्याचा डॉक्टर गेला म्हणून."

ती कॅथलॅब मला हवी होती. अजूनही हवी आहे. आज जिराफ लॅबमधून हिरवी टोपी घालून बाहेर आला तेव्हा मी मुद्दाम दुसऱ्या जिन्याने गेले, आणि अजून बरेच दिवस जाईन. पण ही खोली मी आहे तशी घेणार नाही. गुरुवार पुरत नाही, मंगळवारही हवा. जिथे जिथे लहान मुलं तपासतात तिथल्या डॉक्टरांना आवाज गेला की काय करायचं ते शिकवायला मला सुट्टी हवी. आणि सरांना हे मी विनंती म्हणून सांगणार नाही, अट म्हणून सांगणार.

उद्या सांगेन त्यांना. त्या आईला तर आज सांगून बसले आहे.